एकोणिसावा दिवस

मी तिरसट माणूस आहे. आमच्या संस्थेत कुणालाही विचारा, डॉ. मकरंद आवटी म्हटलं की समोरचा आधी कपाळाला आठ्या घालेल आणि मगच काय ते बोलेल. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट थोडा अभिमानच होता. समोर कुणी खुळचटपणा केला की मला गप्प बसवायचं नाही, मग तो संचालक असो नाहीतर घरातलं माणूस. त्यातल्या घरातल्या माणसाबद्दल सांगायचंय, आणि ते सांगताना स्वतःला सांभाळून घ्यायचं नाही असं ठरवलंय.

'उमज' आमच्याकडे २०३८ साली आलं. त्याआधीची भाकितं करणारी यंत्रं भारी हुशार होती, पण मुकी होती. एखादं रसायन त्यांच्यापुढे ठेवलं की ती सांगायची, हे यकृताला बाधेल. का बाधेल, विचारलं तर उत्तर नाही. आतमध्ये कोट्यवधी आकडे एकमेकांशी गुणले जायचे आणि बाहेर नुसतं हो किंवा नाही. अशा दोनतीन मुक्या यंत्रांवर विसंबून बाजारात गेलेली औषधं गळ्याशी आल्यावर सरकारनं नियम केला, की ज्याचं कारण माणसाला वाचता येत नाही तो निष्कर्ष औषधाच्या मंजुरीत धरला जाणार नाही.

उमज कारण द्यायचं. हजारो रुग्णांच्या नोंदी, रेणूंची रचना, रक्ताचे अहवाल, सगळं चाळून ते नियमांची एक उतरंड काढायचं. प्रत्येक नियम साध्या भाषेत असायचा. जर रेणूत अणूंचं अमुक कडं असेल आणि रुग्णाचं मूत्रपिंड अधू असेल, तर डोस निम्मा करा. खाली आधार, म्हणजे इतक्या रुग्णांपैकी इतक्या जणांत असं दिसलं. डोळ्यांपुढे सगळं उघडं. आम्ही लहान मुलांसारखे हरखून गेलो होतो. तीस वर्षं ज्या रसायनांशी झटापट केली ती एकदम आपणहून बोलायला लागली होती.

आणखी एक सोय होती. एखादा नियम पटला नाही तर माणसाला तो खोडता यायचा. खोडला की उमज तो वगळून बाकीची उतरंड नव्यानं मांडायचं. फक्त खोडणाऱ्यानं त्याचं कारण लिहायचं, म्हणजे पुढं कुणाला पाहता यावं. शेवटचा शब्द माणसाचा, असं आम्ही भाषणांत सांगायचो. मी तर फार सांगायचो.

के-सत्तावीस हे माझं औषध. संधिवातावरचं. सकाळी एक गोळी, रात्री एक. बोटांची सूज चारपाच आठवड्यांत उतरायची, आणि जुन्या औषधांसारखी हाडं ठिसूळ व्हायची नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात अठ्ठावीसशे रुग्णांवर अडीच वर्षं चाचणी झाली होती आणि त्या सगळ्या नोंदी उमजपुढे ठेवायचं काम जेसिंताकडे होतं.

जेसिंता तुस्कानो वसईची, एकोणतीस वर्षांची. आधीचं काम तिनं खाडीतल्या कालवांवर केलेलं. कालवं भरती-ओहोटीवर जगतात, म्हणून तिच्या नोंदींच्या साच्यात तारीख, वार, तापमान यांच्या बरोबरीनं चांद्रदिनाचा रकाना आयताच होता. अमावास्येनंतर कितवा दिवस, एवढंच त्यात भरलं जायचं. माणसांच्या नोंदींनाही तिनं तोच साचा लावला. काढायचा राहून गेला असेल, किंवा मुद्दाम ठेवला असेल. मी कधी विचारलं नाही.

मंजुरीच्या बैठकीला दोन आठवडे असताना ती उतरंडीचा कागद घेऊन माझ्या खोलीत आली.

"सर, सातवा नियम बघता का?"

मी वाचला. जर रुग्ण स्त्री असेल, वय पन्नासच्या वर असेल, आणि रक्त चांद्रदिन एकोणीसनंतर तीन दिवसांच्या आत घेतलेलं असेल, तर यकृताची विकरं तिप्पट. आधार, एकसष्टपैकी चव्वेचाळीस.

विकरं म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात सांडणारी द्रव्यं. ती वाढली म्हणजे आत काहीतरी जळतंय.

"हे काय आहे?" मी म्हटलं. "पंचांग?"

"मला माहीत नाही सर. पण योगायोग म्हणायला चव्वेचाळीस फार झाल्या. बाकीच्या दिवशी त्याच बायकांचं रक्त व्यवस्थित आहे. आठवड्याभरात विकरं आपोआप खाली येतात, म्हणून सरासरीत दिसत नाही."

"पुरुषांत?"

"जवळजवळ नाही."

"म्हणजे चंद्र बायका बघून उगवतो."

ती हसली नाही. "उगवत नसेल सर. पण बायका चंद्र बघून काही करत असतील."

आता हे वाक्य आठवलं की कळतं, त्या पोरीनं उत्तर माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं. फक्त नाव तिला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नव्हतं कारण मी ते माहीत करून घ्यायचं नाकारलं होतं. तिथी, वार, सोवळं, उपास हे सगळं मी विशीतच घराबाहेर काढलं. आज कोणती तिथी, असं कुणी विचारलं तर मी ऐटीत म्हणायचो, मला फक्त तारीख कळते. तरुणपणी गावोगाव जाऊन बुवाबाबांची बिंगं फोडली, त्यासाठी एकदा डोकंही फोडून घेतलं. त्या कामाची मला आजही लाज नाही. पण त्या नादात एक खोड लागली. चंद्र, ग्रह, मुहूर्त असा शब्द कानावर पडला की माझे कान बंद व्हायचे.

"तुमच्या वसईला करत असतील," मी म्हटलं. "हा नियम मंडळापुढे गेला तर आपली पार शोभा होईल. चंद्रानुसार दुष्परिणाम म्हणे. उद्या राशीनुसार डोस द्या म्हणतील."

"चाचणीतल्या थोड्या बायकांना विचारू या का? पंधरा दिवस लागतील."

"काय विचारणार? चंद्र बघून काय करता? आणि उपासतापासाचा प्रश्न अर्जात आहेच. सगळ्या अर्जांत फक्त अकरा जण 'हो' म्हणाले, त्यांना वगळलंय."

हे खरं होतं. अर्जात प्रश्न होता आणि उत्तर 'नाही' होतं. उपास करणाऱ्यांना चाचणीत घ्यायचं नाही असा दंडक होता, आणि गोळ्या फुकट मिळणार होत्या, बोटं वळायला लागतील अशी आशा होती. अशा वेळी कुठली बाई 'हो' म्हणेल? एवढं साधं गणित माझ्या डोक्यात आलं नाही.

मी तिच्यासमोरच सातवा नियम खोडला. कारणाच्या चौकटीत एकच शब्द लिहिला, 'अवैज्ञानिक'. तिनं खाली आपली हरकत नोंदवली. एकोणिसाव्या दिवशी काय होतं ते मला माहीत नाही, माहीत करून घ्यायला हवं, असं तिनं लिहिलं. त्यावरून मी तिला सगळ्यांसमोर झाडलं. तीन महिन्यांनी ती बंगळूरच्या एका संस्थेत निघून गेली. जाताना केबिनच्या दारातूनच "येते सर" म्हणाली.

औषधाला मंजुरी मिळाली. पहिलं पाकीट मी स्वतः सांगलीला घेऊन गेलो.

सांगलीला गावभागात माझी शैलावहिनी राहायची. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि त्याच वर्षी बावीस वर्षांची वहिनी लग्न होऊन घरात आली. दादा फिरतीच्या नोकरीवर. मला वाढवलं ते तिनंच. माझा अभ्यास, माझी दुखणी, माझा संताप, सगळं तिनं काढलं. दादा गेल्यावर मी पुण्याला चल म्हणून मागे लागलो, पण ती हलली नाही. सत्तरी आली होती, वजन जेमतेम एक्केचाळीस किलो, आणि बोटं अशी वाकडी झाली होती की चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागायचा.

पाच आठवड्यांनी तिनं फोन केला. "अरे मकरंद, आज मी भेंडी चिरली. स्वतः. बारीक."

मला इतका आनंद कुठल्या पुरस्कारानं झाला नव्हता. ती सगळ्या आळीला सांगत सुटली, आमच्या मकरंदनं औषध काढलंय म्हणून.

आधीची एक गोष्ट सांगायला हवी. पंधरा वर्षांपूर्वी मी असाच घरी गेलो असताना तिची संकष्टी होती. तिच्या कळत्या वयापासूनची. मी पानावर बसून तिची भरपूर थट्टा केली होती. गणपती हजेरी घेतो का गं, म्हणालो. तू एक दिवस जेवलीस तर तो तुझं नाव कापेल का? दादाही हसला. वहिनी हसली आणि म्हणाली, बरं बाबा, सोडते. त्यानंतर ती कधी उपासाला दिसली नाही. मी हे व्याख्यानांतून सांगायचो. माझ्या वहिनीनं इतक्या वर्षांचा उपास एका प्रश्नात सोडला, असं. टाळ्या पडायच्या.

सहाव्या महिन्यात शेजारणीचा फोन आला. तुमच्या वहिनींचे डोळे हळदीसारखे दिसतायत, चार दिवस पोटात काही ठरत नाही, कुणाला सांगू नका म्हणतात.

मी मिरजेच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिला सलाइन लावलेलं होतं. यकृताच्या विभागात डॉ. अलमास मुजावर होत्या, चाळिशीच्या, मिरजेच्याच. अहवाल पाहताच मला कळलं की गाडी हाताबाहेर चाललीय.

"आजी," डॉक्टरांनी विचारलं, "उपासतापास काही करता का?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही."

डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिलं. "सर, जरा बाहेर थांबता का?"

मला बाहेर काढलेलं मला चालत नाही. पण त्या बाईच्या आवाजात काहीतरी होतं, मी मुकाट्यानं उठलो. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या.

"संकष्टी करतात. कडक. दिवसभर कोरा चहा, बाकी काही नाही."

"वहिनीनं संकष्टी सोडलीय. पंधरा वर्षं झाली."

"तुमच्यासमोर सोडलीय," त्या म्हणाल्या. "सकाळची गोळी त्या दिवशी घेत नाहीत. पाकिटावर लिहिलंय ना, उपाशीपोटी घेऊ नये, ते त्या काटेकोर पाळतात. चंद्रोदय झाला की जेवतात आणि जेवणावर सकाळची आणि रात्रीची गोळी एकदम घेतात. औषध चुकवायचं नाही म्हणून. आमच्याच दिराचं औषध आहे म्हणाल्या."

मी विचारलं, "संकष्टी असते कधी?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी. सर, तुम्ही सांगलीचे ना?"

पंधरा आणि चार. बाकड्यावर बसून मी लहान मुलासारखं बोटांवर मोजलं, दोनदा. एकोणीस.

पुढचं रसायनशास्त्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. के-सत्तावीस यकृतात गेलं की त्यातला थोडा भाग एका जहाल द्रव्यात बदलतो. शरीराकडे त्याला निकामी करणारं एक संरक्षक द्रव्य असतं, ग्लुटाथायोन. रोज खाणाऱ्यापिणाऱ्या माणसात ते भरपूर असतं, म्हणून काही होत नाही. दिवसभर पोटात अन्न नसेल तर त्याचा साठा उतरतो, आणि रात्रीच्या एका जेवणानं तो लगेच भरत नाही. अशा रिकाम्या यकृतावर एकदम दोन गोळ्या. धडधाकट बाई आठवड्यात सावरते. एक्केचाळीस किलोची म्हातारी एक महिना सावरते, दोन महिने सावरते, पाच महिने सावरते.

उमजला संकष्टी माहीत नव्हती. चाळीस रकान्यांमधून त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. त्यानं बोट दाखवलं होतं, तिकडं जाऊन बघायचं काम माझं होतं. आमच्या संस्थेतल्या कुठल्याही शिपायाला, कुठल्याही सफाईवाल्या मावशींना विचारलं असतं, पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी पन्नाशीच्या बायका काय करतात हो, तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं आणि उत्तर दिलं असतं. मी विचारलं नाही.

यकृत बदलायचं तर वहिनीचं वय आणि ताकद दोन्ही नव्हतं. सहाव्या दिवशी ती थोडी शुद्धीवर होती. मी तिचा हात धरून बसलो होतो. बोटं सरळ झाली होती, औषधानं आपलं काम चोख केलं होतं.

"वहिनी, मला सांगायचं होतंस गं."

"तू बोलला असतास," ती म्हणाली.

"बोललो असतो तर बोललो असतो. सोड म्हणालो असतो."

"सोड म्हणूनच बोलला असतास ना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तू आलास की मी आधीच जेवलेय म्हणायची. तुला कधी कळलं नाही." त्याचं तिला थोडं हसूही आलं होतं. लहानपणी माझ्यापासून चिवड्याचा डबा लपवायची तेव्हा यायचं, तसं.

मला वाटलं होतं मी तिचा उपास सोडवला. मी फक्त तिचं मला सांगणं सोडवलं होतं. नवव्या दिवशी ती गेली.

मी पुण्याला येऊन सातवा नियम परत घातला, औषध थांबवायचा अर्ज केला, आणि काय घडलं ते नाव घालून लिहून दिलं. मग जेसिंताला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं आता ती मला ऐकवेल, आणि खरं सांगतो, तिनं ऐकवावं अशी माझी इच्छा होती.

"सर," ती म्हणाली, "खालच्या कँटीनमध्ये मी रोज जेवायला बसायचे. तिथल्या बायकांना मीही विचारलं नाही."

"तू विचारू या म्हणाली होतीस. मी नको म्हणालो."

"तुम्ही नको म्हणालात म्हणून मी थांबले. थांबायला नको होतं." आणि मग तिनं विचारलं, "आता गोळ्या किती जणांकडे आहेत?"

अकराशे जणांकडे. दुकानांतून परत मागवायला आठ दिवस तरी लागणार होते, आणि निरोप सगळ्यांना गेला तरी ज्या गोळीनं बोटं वळतात ती गोळी सरकारी निरोपावर कोण फेकून देतं? त्यातही जिची संकष्टी आहे तिला आत्ताच्या आत्ता रक्त तपासायला पाठवायचं होतं. मी पन्नाशीच्या वरच्या बायकांची यादी घेतली आणि स्वतः फोन करायला बसलो.

पहिल्या दिवशी त्रेचाळीस फोन झाले. उपास करता का, असं विचारलं की त्रेचाळीस वेळा 'नाही'. माझा आवाजच तसा आहे, चौकशी अधिकाऱ्यासारखा. दुसऱ्या दिवशी मी लबाडी करून पाहिली. मीपण संकष्टी करतो हो, म्हणून बघितलं. एक बाई म्हणाली, वा, छान, आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तासगावच्या मंगलताई साळुंखे यांना फोन लावला. वय बासष्ट. आदल्याच दिवशी संकष्टी होती, आता ते मला माहीत असायचं.

"उपास? न्हाई बा," त्या म्हणाल्या. "आमी न्हाई करत."

"मी करतो," मी म्हटलं.

"तुमी? साहेब असून?" त्या जरा थांबल्या. "कधीपासनं?"

"थोडे दिवस झाले."

"मग घरात कुणाचं तरी काय झालं असंल. पुरुषमाणूस असा मधूनच उपास धरत न्हाई."

ती लबाडी पुढं रेटवेना. मी म्हटलं, "मी खोटं बोललो मंगलताई. मी उपास करत नाही. माझी वहिनी करायची. ती गेली, पंधरा दिवस झाले."

"अगं बाई. कशानं?"

"ह्याच गोळीनं. संकष्टीला दिवसभर उपाशी राहायची आणि रात्री दोन्ही गोळ्या घ्यायची. मला सांगितलंच नाही तिनं."

"का न्हाई सांगितलं?"

इतक्या माणसांनी इतके प्रश्न विचारले होते, चौकशी समितीनं, वर्तमानपत्रांनी, पण हा कुणी विचारला नव्हता. मग मी म्हटलं, "मी हसायचो तिला."

पलीकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"करती मी," मंगलताई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "अठ्ठावीस वरसं झाली. काल रातीच घेतल्या दोनी. सकाळधरनं मळमळायलंय, पण घरात बोलली न्हाई मी कुणाला."

"दवाखाना किती लांब आहे?"

"हितंच, चार घरं सोडून."

"आत्ताच्या आत्ता जा. तिथल्या डॉक्टरांना फोन द्या, मी बोलतो त्यांच्याशी."

"जाती," त्या म्हणाल्या. "तुमी फोन ठेवू नगा साहेब. चपला घालती मी."